सभेचें आवार आणि ऐकूं येणारा शब्द

सभेंत बोललेला शब्द शेवटच्या ओळींत बसलेल्या खातेदारास कळला नाहीं, तर ती सभा भरूनही न भरल्यासारखीच होय. पालघर-बोईसर भागांत सभेच्या कित्येक नव्या आवारांची अशीच अवस्था आहे, म्हणून आम्ही हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

आमची हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. एकदां बोईसरकडील एका गांवीं जमिनीसंबंधीं नोटीस वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे आलें. आवारास तिन्ही बाजूंनीं सिमेंटच्या भिंती, खालीं लादी आणि अर्ध्या भागावर पत्रा. हरकत घेण्याची मुदत आम्हीं दोनदां मोठ्यानें वाचली. मंडळी माना हालवीत होती. मुदत टळल्यावर एक वृद्ध खातेदार कचेरींत आले व म्हणाले, "भाऊसाहेब, आवाज आला, पण शब्द नाय आला." त्या वेळीं आम्हीं दोष त्यांच्या कानांस दिला. पुढें विचार करितां तो दोष त्या आवाराचा व आमच्या अज्ञानाचा होता, हें ध्यानांत आलें.

ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो व कठीण भिंतीवर आपटून परत येतो. भिंत १७ मीटरांहून दूर असेल तर प्रतिध्वनि निराळा ऐकूं येतो. जवळ असेल तर तो मूळ शब्दांतच मिसळून अक्षरें पुसून टाकतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहांत असाच घोटाळा होत असे. १८९५ सालीं वॉलेस सेबाइन यांजकडे तें काम आलें. आसनांच्या गाद्या आणून ठेवतां घुमणें किती कमी होतें, हें त्यांनीं मोजून दाखविलें. तात्पर्य, घुमणाऱ्या जागेस मऊ व सच्छिद्र वस्तु पाहिजे. उघड्या आवारांतून कांहीं ध्वनि आकाशांत निघून जातो खरा. परंतु वर पत्रा घातला कीं ती वाटही बंद होते.

आपल्या वडिलांनीं हें शास्त्र वाचलें नव्हतें. परंतु त्यांचा मांडव झावळ्यांचा, भिंत कारवीच्या कुडाची आणि जमीन मातीची असे. आजही केळवें-माहीमच्या पानवेलीच्या वाडींत शिरून बोलून पाहावें. मऊ माती व दाट पानें यांमुळें शब्द घुमत नाहीं.

मग उपाय काय? सिमेंटच्या भिंती पाडा, असें आमचें म्हणणें नाहीं. वक्त्याच्या समोरील भिंतीवर बांबूचा सांगाडा ठोकून त्यावर काथ्याच्या जाड चटया बसवाव्या. चटई व भिंत यांमध्यें चार बोटें अंतर ठेवावें. त्यानें जाड आवाजही अधिक जिरतो. भाताच्या पेंढ्याच्या घट्ट पेंड्यांचाही तसाच उपयोग होतो. पत्र्यावर झावळ्या अंथरल्यास पावसाचा ताशा मंदावतो. लादीऐवजीं माती अगर गवत राखावें.

झाडांविषयीं मात्र भाबडी आशा नको. रेल्वे, मोठा रस्ता किंवा तारापूरच्या कारखान्यांचा गोंगाट मेंदीच्या एका ओळीनें थांबत नाहीं. सुमारें ३० मीटर रुंदीचा, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दाट पट्टा असेल तर ५ ते ८ डेसिबल उतार पडतो. एवढी जमीन कोण सोडणार? त्यापेक्षां गोंगाटाच्या बाजूस, बसलेल्या मनुष्याच्या डोक्याहून उंच असा मातीचा बांध घालावा व त्यावर निरगुडी, करवंद किंवा बांबू लावावा. ध्वनि अडवितो तो बांध. झाडें त्यास धरून ठेवितात.

कोणी म्हणतील, पेंढ्यास आग लागेल व उंदीर होतील. भय खरें आहे. म्हणून दिव्याच्या तारा व चूल यांपासून हें सर्व दूर ठेवावें, पावसाळ्यापूर्वीं पेंढा काढावा व काथ्या उन्हांत वाळवावा. शेणामातीचा जाड लेप दिल्यास आगीचें भय कमी होतें, परंतु आवाज शोषण्याचा गुणही बराच जातो. दुसरे म्हणतील, कर्णा मोठा आणूं. कर्ण्यानें शब्दाबरोबर त्याचें घुमणेंही वाढतें. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागास दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे.

भाताची झोडणी झाली कीं पेंढाही असतो व हातांस सवडही असते. प्रत्येक गांवच्या मंडळींनीं त्या वेळीं एक परीक्षा करावी. एकानें व्यासपीठावरून सात-बाराच्या उताऱ्यांवरील वीस नांवें वाचावीं व शेवटच्या ओळींतील एकानें तीं लिहून घ्यावीं. चटया लावण्यापूर्वीं व नंतर किती नांवें बरोबर उतरलीं, तें ताडून पाहावें. हरकतीची मुदत कोणाच्याही कानावरून नुसता आवाज होऊन जाऊं नये, एवढीच आमची इच्छा आहे.