आईचे ताट आणि बाळाचे दूध

उज्जैन शहरानजीक शिप्रेच्या काठी भैरवगढ़ ही वस्ती आहे. कापडावर ठसे उमटविण्याचा तेथील धंदा पिढीजात असून त्यात सारे घर राबते. अशा कष्टकरी घरांतील लेकुरवाळ्या स्त्रीला पोटभर व सकस अन्न मिळते काय, हा प्रश्न आमच्या गावांनाही लागू आहे. सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरेल ते सूनबाईने खावे, ही रीत अनेक घरांतून अद्याप गेलेली नाही. बाळ गुटगुटीत दिसले की आईची काळजी करण्याचे कारण उरले नाही, असे आपण समजतो. ही समजूत घातक आहे.

कापडाच्याच धंद्यातील स्त्रियांमुळे या विषयावर मोठा प्रकाश पडला. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरणकामगार स्त्रियांना गरोदरपणी जडणाऱ्या घोर पांडुरोगाचा त्यांनी शोध घेतला. त्याचे मूळ निकस आहारात असून यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून जे जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आले, ते फॉलिक आम्ल याच रोगावरील गुणकारी द्रव्य होय.

आता निसर्गाची तऱ्हा पाहा. आईच्या आहारात फॉलिक आम्ल कमी असले तरी दुधातील त्याचे प्रमाण सहसा घटत नाही. दूध आपला वाटा आईच्या शरीरातून ओढून घेते. चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचेही तसेच. ते आईच्या हाडांतून येते. बाळ बाळसे धरते आणि आई मात्र आतून रिती होत जाते.

सर्वच जीवनसत्त्वांचे असे नाही. ‘ब-१’ व ‘ब-१२’ आईच्या रक्तात उणी असली की दुधातही उणी पडतात. केवळ सडीक तांदळावर राहणाऱ्या मातांची तान्ही मुले ‘ब-१’ अभावी बेरीबेरीने अकस्मात दगावत असत. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी १९६२ साली अंगावर पिणाऱ्या काही बालकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती मुले मलूल झाली होती, शिकलेल्या हालचाली विसरत होती. त्यांच्या त्वचेवर काळसरपणा आला होता. त्यांच्या मातांच्या दुधात ‘ब-१२’ कमी होते. ते जीवनसत्त्व देताच मुले सुधारली.

यावरून कोणी अंगावरचे दूध तोडू नये. बाळाला त्याच्यासारखे अन्न नाही. सुधारावयाचे आहे ते आईचे ताट. पहिले सहा महिने तिला रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. डिंकाचे लाडू व अळिवाची खीर ही आपली जुनी रीत चांगलीच आहे. परंतु पथ्याच्या नावाखाली पालेभाजी, डाळ, अंडी व मासळी महिनोन्‌महिने वर्ज्य करणे योग्य नव्हे. ‘ब-१२’ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासळी व मांस यांतून मिळते. ‘ब-१’साठी हातसडीचा वा उकडा तांदूळ, डाळी व शेंगदाणे घ्यावेत. भाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी फेकू नये.

सरकारी दवाखान्यातून बाळंतपणानंतर १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी मिळते. ती नेमाने घ्यावी, मात्र चहाबरोबर नव्हे. आईला सतत थकवा वा धाप जाणवल्यास, अथवा मूल मलूल वाटल्यास, विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

उपवासकाळातही ख्रिस्तसभा अंगावर पाजणाऱ्या मातेवर उपवासाचे बंधन लादीत नाही. मग वर्षभर घरानेच तिला उपाशी का ठेवावे? आमच्या वाचक सासवांना व पतिराजांना आमचे आग्रहाचे सांगणे एवढेच, की आज सायंकाळी पहिले ताट बाळंतिणीचे वाढा.