आमचा रमेश बोईसरमध्ये राहत नाही

रमेश बत्तीस वर्षांचा आहे. बोईसरला भाड्याच्या खोलीत राहतो आणि तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जातो. दहावी पास. अँड्रॉइड फोन आहे, व्हॉट्सॅप-यूट्यूब सराईतपणे वापरतो, इंग्रजी जेमतेम. त्याला काय हवं, तर वेळेवर पगार आणि कमी कटकट. त्याचा फोटोही आमच्याकडे आहे. पिवळं हेल्मेट, हसरा चेहरा, इंटरनेटवरून फुकटात उचललेला.

या रमेशचा जन्म दोन वर्षांपूर्वी गोरेगावच्या एका एसी मीटिंग रूममध्ये झाला. बाळंतपण दोन तासांत उरकलं. आम्ही सहा जण हजर होतो: प्रॉडक्ट मॅनेजर, दोन डिझायनर, तीन इंजिनियर. सहापैकी एकानेही तारापूरचा कारखाना आतून पाहिलेला नव्हता. तरी "तू त्या बाजूचा ना?" म्हणून प्रत्येक मुद्द्याला माझं मत विचारलं जात होतं, कारण मी वैतरण्याचा. मुंबईच्या लेखी विरारच्या पुढे सगळं एकच गाव असतं. वैतरणा आणि बोईसर यांच्यामध्ये सफाळे, केळवे रोड, पालघर आणि उमरोळी अशी चार स्टेशनं आहेत, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. खरं तर मला बरंच वाटत होतं. तज्ज्ञ म्हणून मिरवायची संधी रोज कुठे येते? "कामावर असताना त्याच्या हातात फोन असेल ना?" असं विचारल्यावर मी ठामपणे "हो" म्हणालो.

त्या होकाराची किंमत माझ्या पगारातून गेली नाही. ज्यांच्या रोजातून गेली त्यांच्यासाठी, आणि ती ज्या पद्धतीमुळे गेली तिच्या विरोधात हे लिहितो आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॉफ्टवेअर बनवण्याआधी ते कोण वापरणार हे टीमला डोळ्यांसमोर आणावं लागतं. "युजर" हा शब्द रबरासारखा आहे, ज्याला जसा सोयीचा तसा तो ताणतो. त्यावर उपाय म्हणून पर्सोना आला, म्हणजे नाव, चेहरा, सवयी आणि गरजा असलेलं एक नमुन्याचं माणूस. या कल्पनेचं श्रेय अॅलन कूपर या अमेरिकन प्रोग्रॅमरला दिलं जातं. १९८३ मध्ये तो प्रकल्पांचं नियोजन करणारा एक प्रोग्रॅम लिहीत होता. आधी तो ओळखीपाळखीच्या लोकांशी त्यांच्या कामाबद्दल बोलला. त्यांत जाहिरात कंपनीत काम करणारी कॅथी नावाची एक बाई होती. पुढे जवळच्या गोल्फच्या मैदानावर फेऱ्या मारताना तो तिच्यासारख्या माणसाची भूमिका घेऊन स्वतःशी मोठ्याने बोलायचा: मला आता हे काम कुणाला द्यायचंय, ते आधी लागेल की नंतर? त्यातून त्याला कळायचं, की आपल्या प्रोग्रॅममधलं काय कामाचं आहे आणि काय नुसतं मिरवायचं आहे. म्हणजे या पद्धतीच्या मुळाशी एक खरी बाई आणि तिच्याशी झालेलं खरं बोलणं आहे.

ते बोलणंच पुढे गळालं. लोकांना भेटायला वेळ लागतो, पैसे लागतात. म्हणून प्राथमिक पर्सोना, आमच्या भाषेत प्रोटो-पर्सोना, नावाचा शॉर्टकट आला. जेफ गॉथेल्फ आणि जॉश सायडन यांच्या २०१३च्या 'लीन यूएक्स' या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. एका कागदाचे चार चौकोन करायचे. एकात नाव आणि चेहरा, दुसऱ्यात वय-शिक्षण वगैरे माहिती, तिसऱ्यात अडचणी आणि गरजा, चौथ्यात त्यांवर आपण काय देऊ शकतो. टीमच्या डोक्यात जे आहे ते लिहून काढायचं. या मंडळींवर अन्याय नको, म्हणून हेही सांगतो: हे सगळे अंदाज आहेत आणि ते नंतर खऱ्या माणसांकडे जाऊन तपासायचे आहेत, असं ते स्पष्ट म्हणतात. औषधाच्या चिठ्ठीवर दोन गोळ्या लिहिल्या होत्या. आमच्या धंद्याने गोड तेवढी घेतली.

आता रमेशकडे वळू. आमचं अॅप ठेकेदारांसाठी होतं, कामगारांच्या हजेरीचं. सकाळी हजेरी लावून माणसं दुपारी निघून जातात, ही ठेकेदाराची तक्रार. म्हणून आम्ही दुपारची हजेरी काढली. जेवणाच्या सुट्टीत रमेशने फोन काढायचा, स्वतःचा फोटो घ्यायचा, बटण दाबायचं. दहा सेकंदांचं काम. फोटो नाही आला तर अर्धा दिवस. स्क्रीन सुंदर झाली होती, बटण मोठं होतं, सूचना मराठी-हिंदीत होत्या. रमेश खूश होता.

ज्या कारखान्यात अॅप पहिल्यांदा गेलं, तिथे ज्वालाग्राही सॉल्व्हंट वापरतात. अशा ठिकाणी साधा मोबाइल आत नेता येत नाही. तो गेटवर सिक्युरिटीकडे जमा होतो आणि पाळी सुटल्यावर परत मिळतो. ही काही गुप्त गोष्ट नव्हे. बोईसर स्टेशनबाहेरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारलं असतं, तरी त्याने सांगितलं असतं. पहिल्या पंधरवड्यात त्या ठेकेदाराच्या कामगारांची दुपारची हजेरी लागलीच नाही. ज्यांनी बारा तास उभं राहून ड्रम हलवले, त्यांच्या नावापुढे अॅपने अर्धा दिवस मांडला. मग ठेकेदाराच्या सुपरवायझरने तोडगा काढला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी गेटवर यायचं, रांगेत उभं राहून फोन घ्यायचा, बाहेर जाऊन फोटो काढायचा, फोन पुन्हा जमा करून आत जायचं. अर्ध्या तासाच्या सुट्टीतला डबा बऱ्याच जणांचा तसाच राहायचा.

आमच्या डॅशबोर्डवर मात्र दुसऱ्या पंधरवड्यात दुपारच्या हजेरीचा आलेख झपकन वर गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिल्या पंधरवड्यातला कापलेला रोज लोकांना परत मिळाला का, हे दाखवणारा आलेख आम्ही बनवलेला नव्हता.

ही हकिगत मला ऑफिसात कळली नाही. दिवाळीत मामाकडे सफाळ्याला गेलो होतो, तिथे कळली. मामा पंचवीस वर्षं तारापूरला जातो, दुसऱ्या कारखान्यात. मी मोठ्या कौतुकाने त्याला आमचं अॅप दाखवत होतो. त्याने शांतपणे बघितलं आणि विचारलं, "दुपारी फोन कुठनं आणणार रे? फोन तर गेटवर असतो." मग त्याच्या ओळखीतल्या एकाने सांगितलेली त्या रांगेची गोष्ट त्याने मला ऐकवली. शेवटी म्हणाला, "तुला तर ठाऊक होतं ना?"

ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. मामा कामावर असताना त्याला फोन लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियमच आहे. आजी गेली तेव्हा मामाला कळवायला आईने कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला फोन लावला होता आणि मी तिच्या शेजारी उभा होतो. आणि तोच मी मीटिंग रूममध्ये "हो" म्हणालो.

असं का झालं, यावर मी बराच विचार केला. मी मूर्ख आहे हे एक उत्तर आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. त्या चार चौकोनांच्या कागदाने मला मामाबद्दल काही विचारलंच नाही. त्याने विचारलं वय, शिक्षण, फोन कोणता, आवड काय, अडचण काय. कागदावरचा रमेश एकटा असतो. त्याला ठेकेदार नसतो, सुपरवायझर नसतो, गेट नसतं. एका खोलीत राहणारे इतर पाच जण नसतात. चूक झाली तर ती कुणाकडे बोलायची आणि बोललं तर उद्या काम मिळेल का, ही धास्ती नसते. रमेशला फक्त पसंती असते, जणू तो मॉलमध्ये फिरतो आहे. हजेरी ही गोष्ट दोन माणसांमधली असते, एक लावणारा आणि एक जिची वाट बघणारा. त्यातला एकच माणूस कागदावर काढला, तर हजेरी मुळात कळणारच नाही. आणि एकदा त्याला नाव-चेहरा मिळाला, की प्रश्न बंद होतात. "रमेशला हे आवडेल" असं म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. "आम्हाला वाटतं कामगारांना हे आवडेल" असं म्हणायची वेळ आली असती, तर निदान एकाने तरी "कशावरून?" विचारलं असतं.

आमच्याच गावाजवळचं उदाहरण देतो. वैतरणा आणि सफाळे यांच्यामध्ये खाडीत वाढीव हे बेट आहे. रेल्वेच्या ९२ आणि ९३ नंबरच्या पुलांच्या मधलं. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या रेल्वे पुलाच्या कडेने चालत स्टेशन गाठत आली आहेत. शाळेची पोरं, भाजीवाल्या, आजारी माणसं, सगळी. त्या वाटेवर जीव गेलेले आहेत. आता रेल्वेच्या मोबाइल तिकिटाच्या अॅपचा एक नियम बघा: रुळांपासून काही मीटर दूर असल्याशिवाय कागदाविना तिकीट निघत नाही. गाडीत टीसी दिसल्यावर तिकीट काढणाऱ्यांना आळा घालायला तो आहे, आणि त्यात चूक काही नाही. पण या नियमातला प्रवासी रस्त्याने स्टेशनवर येतो. रूळ हीच ज्याची वाट आहे, तो माणूस त्यात नाही. पुलावरून जाताना खिडकीतून खाडीत नारळ आणि निर्माल्याची पिशवी भिरकावणाऱ्या भाविकाच्या मनातही तो नसतो. नायगाव-भाईंदरच्या पुलावर पाणजू बेटावरच्या एका तरुणाचा असाच गाडीतून फेकलेला नारळ लागून जीव गेला. फेकणाऱ्याच्या कल्पनेत पुलावर कुणी नव्हतं. आमच्या मीटिंग रूममध्ये जे चालतं ते याच जातीचं आहे, फक्त नारळाऐवजी आम्ही फीचर फेकतो.

आणि हे फक्त खासगी कंपन्यांत होतं असं नाही. रोजगार हमीच्या मजुरांसाठी केंद्र सरकारने एनएमएमएस हे हजेरीचं अॅप आणलं आणि १ जानेवारी २०२३पासून जवळजवळ सगळ्या कामांवर ते सक्तीचं केलं. दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह मजुरांचे फोटो चढवायचे. आमच्या जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात अजूनही असे पाडे आहेत जिथे नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते. पावसाळा संपला की तिथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. गावात हमीचं काम निघालं, तर काहींचं जाणं टळतं. देशभरातून तक्रारी आल्या, की फोटो चढला नाही म्हणून केलेल्या कामाची मजुरी बुडाली. २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर मजूर धरणं धरून बसले. ज्यांना लबाडी करायची होती त्यांचं काय झालं? जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र पाठवून सांगितलं, की अॅपवर कामाशी संबंध नसलेले फोटो, अगदी फोटोचेही फोटो चढवले जाताहेत. म्हणजे ज्या लबाड माणसाची कल्पना करून अॅप बनलं, तो त्यातून अलगद निसटला. अडकला तो, ज्याची कल्पनाच कुणी केली नव्हती.

यावर माझे सहकारी म्हणतात, "काहीच नसण्यापेक्षा रमेश बरा." मला हे अजिबात मान्य नाही. काहीच नसतं तेव्हा आपल्याला काही माहीत नाही हे निदान माहीत असतं. कोरा कागद टोचत राहतो. भरलेला कागद झोप आणतो.

दुसरं म्हणतात, "वेळ कुठे आहे, बजेट कुठे आहे?" गोरेगावहून बोईसरचं लोकलचं सेकंड क्लासचं परतीचं तिकीट आमच्या ऑफिसखाली मिळणाऱ्या एका कॉफीपेक्षा स्वस्त आहे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावते आहे. याच जिल्ह्यात १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर तलासरी-डहाणूच्या वारल्यांमध्ये गेल्या. पाड्यापाड्यांत चालत गेल्या, राहिल्या, ऐकलं, आणि त्या अनुभवावर पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं. आम्हाला लढा उभारायचा नाही, हजेरीचं बटण कुठे ठेवायचं एवढंच ठरवायचं आहे. त्यासाठी एक शनिवार पुरेल.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जोवर टीममधला कुणीतरी खऱ्या माणसाला भेटलेला नाही, तोवर कागदावर नाव लिहू नये आणि फोटो चिकटवू नये. त्या जागी "माहीत नाही" असं लिहावं. आपले अंदाज जरूर लिहावेत, पण प्रत्येकापुढे ते विचारायला कोण जाणार आणि कधी, हेही लिहावं. ज्याच्यापुढे नाव आणि तारीख नाही, त्या अंदाजावर एक ओळही कोड लिहू नये. आणि पाचवा चौकोन काढावा, बाकी चारांच्याही आधी: अॅप चुकलं तर पैसे कुणाचे जातील, आणि तो ते कुणाकडे मागेल? आमच्या बैठकीत हा एक प्रश्न जरी निघाला असता, तर मला गेट आठवलं असतं.

त्या दिवाळीनंतर मी ऑफिसात हे सांगितलं. दुपारची हजेरी वैकल्पिक झाली, पण सक्ती ठेवायची की नाही हे ठेकेदाराच्या हाती राहिलं. कापलेल्या रोजाचं काय, या माझ्या मेलला "हा ठेकेदार आणि त्याच्या कामगारांमधला विषय आहे" असं उत्तर आलं. कायद्याने ते बरोबर असेलही.

मागच्या आठवड्यात नव्या अॅपसाठी पुन्हा बैठक झाली. या वेळी सुनीता, अठ्ठावीस वर्षांची आशा सेविका, राहणार विक्रमगड. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण मी त्या बाजूचा. मी म्हणालो, मला माहीत नाही, मी कधी एकाही आशाताईशी तिच्या कामाबद्दल बोललेलो नाही. थोडी शांतता पसरली. मग नावाचा चौकोन आठवडाभर रिकामा ठेवायचं ठरलं. शनिवारी पालघरला उतरून पुढची एसटी धरणार आहे. काय विचारायचं याची यादी केली आहे. पहिलाच प्रश्न आहे: दुपारी तुमचा फोन कुठे असतो?