पानाची खालची बाजू

गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. साताऱ्यात चार दिवस पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या ताटल्या भरून वाहत होत्या. अशा वेळी सकाळी साडेसातला माझ्या फोनने मंजुळ आवाज काढून कळवलं, 'तुमची जास्वंद तहानलेली आहे. आज पाणी घाला.' आमच्या सौ. म्हणाल्या, "जा की, छत्री घेऊन घाला!"

हे ॲप माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाने केलेलं. मुलगा पुण्यात असतो, हुशार आहे, बोलायला गोड. कुंडीतल्या तुळशीपासून शेतातल्या पिकापर्यंत सगळ्यांची निगा एकाच ॲपमध्ये, अशी त्याची कल्पना. "सर, अजून प्रोटोटाइप आहे. तुम्ही वापरा आणि मोकळेपणाने अभिप्राय द्या," असं म्हणाला. ज्या माणसाने छत्तीस वर्षं लाल शाईने वह्या तपासल्या त्याला 'मोकळेपणाने' म्हणू नये, हे त्याच्या वडिलांनी त्याला सांगायला हवं होतं. असो.

मी वापरलं. अगदी मनापासून वापरलं. आणि आज जे लिहितोय ते त्या मुलाच्या विरुद्ध नाही, तर 'अभिप्राय' या शब्दाची जी दशा झाली आहे तिच्याविरुद्ध आहे.

माझा धाकटा भाऊ तासगाव तालुक्यात द्राक्षं करतो. नोव्हेंबरात त्याच्या बागेत गेलो तेव्हा मोठ्या ऐटीत फोन काढला, एका पानाचा फोटो घेतला. ॲपने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला : 'पावडरी मिल्ड्यू. खात्री ९४ टक्के. गंधक फवारा.' भाऊ वाकून बघतो तर काय! म्हणाला, "अण्णा, ही भुरी न्हवं. बोर्डोचं डाग हाईत. परवाच मारलंय." बोटाने पुसून दाखवलं. चार ओळी पलीकडे गेला, एक पान उलटं केलं. वरून नुसता तेलकट पिवळा ठिपका, खाली पांढरी बुरशी. "ह्यो केवडा. ह्याचा काढ फोटो." काढला. वरच्या बाजूचाच निघाला, कारण ॲप तसंच सांगतं. उत्तर आलं : 'अन्नद्रव्याची कमतरता.'

ज्यांना द्राक्षबाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भुरी आणि केवडा या दोन वेगळ्या बुरश्या. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर नाही. फुलोऱ्यात केवडा आला आणि दोन दिवस चुकीच्या औषधात गेले, तर घडच्या घड हातचे जातात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पाऊस सांगली जिल्ह्यातल्या बागाईतदाराला विचारा, तो तुम्हाला तारखेनिशी सांगेल.

त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "सर, मॉडेल जगभर वापरल्या जाणाऱ्या फोटोंच्या मोठ्या संग्रहावर शिकवलंय." मास्तरकी नडली, मी तो संग्रह शोधून काढला. प्लांटव्हिलेज नावाचा आहे. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. २०१६ साली त्यावर शोधनिबंध आला आणि ९९ टक्क्यांहून जास्त अचूकतेचा आकडा गाजला. पण त्याच निबंधात लेखकांनी प्रामाणिकपणे हेही लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवल्यावर ती अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. का नाही येणार? शिकवणीतली पानं तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली. आमच्या बागेतल्या पानावर धूळ असते, दव असतं, बोर्डो असतो, शेजारच्या पानाची सावली असते. एकाच गाइडातली उत्तरं पाठ करून घटक चाचणीत पैकीच्या पैकी मिळवणारी आणि बोर्डाच्या परीक्षेत आपटणारी मुलं मी कमी पाहिलेली नाहीत.

त्याहून मौज पुढेच आहे. त्या १४ पिकांत ऊस नाही. हळद नाही. आलं नाही. द्राक्षं आहेत, पण द्राक्षांच्या रोगांत भुरी नाही आणि केवडाही नाही! म्हणजे सांगलीच्या बागाईतदाराची झोप उडवणारे दोन्ही रोग मूळ पुस्तकातच नाहीत. भुरीचे फोटो म्हणे पोराने इंटरनेटवरून गोळा करून नंतर भरले, केवड्याचे राहून गेले. पण ते यंत्र कधी 'मला हे येत नाही' म्हणालं का? ९४ टक्के म्हणालं. वर्गात 'सर, हे मला येत नाही' म्हणणाऱ्या मुलाला मी कधी मारलं नाही. न येता ठोकून देणाऱ्याला मात्र बाकावर उभं केलं आहे.

आल्याची गोष्ट वेगळीच. कोरेगावकडच्या एका स्नेह्याच्या गादीवाफ्यावर आल्याची पानं पिवळी पडली होती. ॲप म्हणालं, नत्र द्या. स्नेह्याने काही न बोलता कोंब धरून हलकेच ओढला. तो सहज हातात आला, बुडाशी पिचपिचीत, घाणेरडा वास. कंदकूज. मातीखालची कूज पानाच्या फोटोत कशी दिसावी? तिथे ॲपने विचारायला हवं होतं की, कोंब ओढून पाहिलात का, वाफ्यात पाणी साचतंय का? किसान कॉल सेंटरला (२००४ पासून चालू आहे, १८००-१८०-१५५१) मी फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने मलाच आधी चार प्रश्न विचारले होते. जाणकाराची पहिली खूण तीच, तो आधी विचारतो.

हे सगळं मी शंभर पानी वहीत लिहून काढलं. अकरा पानं झाली. पाणी घालायला सांगण्याआधी पाऊस पडतोय का ते बघ. फोटो पानाच्या दोन्ही बाजूंचे माग. शेवटची फवारणी कधी, कशाची, ते विचार. द्राक्षाला 'तारीख' नसते, 'छाटणी होऊन कितवा दिवस' असतो, सगळा हिशेब त्यावर चालतो, तो पहिल्याच पानावर घे. माल निर्यातीचा की बेदाण्याचा ते विचारल्याशिवाय औषधाचं नाव काढू नकोस, कारण २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपात आपल्या द्राक्षांची काय गत झाली ते बागाईतदार विसरलेला नाही. 'पावडरी मिल्ड्यू' नको, भुरी लिही. आणि खात्री नसेल तिथे 'कळत नाही, जाणकाराला दाखवा' असं स्वच्छ मराठीत लिही.

अकराही पानांचे फोटो काढून पाठवले. उत्तर आलं : एक अंगठा, दोन जोडलेले हात आणि 'ग्रेट फीडबॅक सर, नोटेड'. महिन्याभराने नवी आवृत्ती आली. हिरवा रंग थोडा पोपटी झाला होता. आणि औषधाच्या नावाखाली एक नवं बटण आलं होतं : 'आत्ताच खरेदी करा'.

त्यानंतर ॲपने मला विचारलं, 'आम्ही कसे वाटलो?' खाली पाच चांदण्या. आता सांगा, केवड्याची गोष्ट मी कितव्या चांदणीत बसवू?

हे नवीन आहे असंही नाही. आपल्याकडेच हे एकदा घडून गेलंय. १९९८ साली वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून ७० गावं, ५४ संगणक केंद्रं. बाजारभाव, पिकांचा सल्ला, रोगांची माहिती असं सगळं शेतकऱ्याला गावात मिळणार होतं. वर्तमानपत्रांनी रकाने भरले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागाची माणसं तिथे गेली आणि केंद्रांवर प्रत्यक्ष काय चालतं ते पाहिलं. शेतकरी येत होता तो ऊस किती टन गेला, बिल किती निघालं, खत किती उचललं, एवढ्यासाठीच. मग त्यांनी २००६-०७ मध्ये सात गावांत आठ महिने संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून बघितला. तीच सगळी माहिती, खर्च कमी, आणि शेतकऱ्यांना जास्त पसंत. हे चांदण्या मोजून कळलं नव्हतं. तिथे जाऊन, लोक काय करतात ते पाहून कळलं होतं.

कोणी म्हणेल, मास्तर म्हातारे झाले, यांना यंत्र नको. चूक. मोतीबिंदू मी यंत्रावरच काढून घेतला. याच ॲपमधली फवारणीची नोंदवही भावाला आवडली, तो अजून वापरतो. दुसरं म्हणणं असं की मुलाचे चार पैसे गुंतलेत, तो तरी कुठे कुठे फिरेल? हे मात्र मला पटतं. पोरं उधारीवर धंदा करतात, औषध विकल्याशिवाय भाडं निघत नाही. पण मग 'खरेदी करा' म्हणणारं दुकान आहे असं सांगा, डॉक्टरचा झगा कशाला घालता? बाटली विकून ज्याला पैसे मिळतात त्याला 'काही मारू नका, डाग पुसा' हे सांगणं परवडणार कसं?

आणि अभिप्राय तुम्ही मागता कोणाला? फोन ज्याच्या खिशात त्याला. केवडा पहिल्यांदा कोणाला दिसतो ते भावाच्या बागेत मी पाहिलं. फेलफुटी काढणाऱ्या बायकांना. दिवसभर मांडवाखाली मान वर करून त्या पानाच्या खालच्याच बाजूकडे बघत असतात. त्यांतल्या एकीने मला विचारलं, "मास्तर, तुमच्या त्या फोनला खालनं दिसतंय का?" अकरा पानांत हे वाक्य मी सगळ्यात वर लिहिलं होतं.

आता पुन्हा ऑक्टोबर छाटणी जवळ आली आहे. भाऊ म्हणतो, "अण्णा, त्या पोराला म्हणावं ये, इसाव्या दिवशी. बायका असत्यात कामावर. मुक्कामाला ये, गाडीत बसून फोटो काढून जाऊ नगंस." निरोप मी परवाच पाठवलाय. दोन निळ्या खुणा दिसतायत.