सुरक्षा कोणाची?

‘पर्यावरण आणि राष्ट्रीय सुरक्षा’ हा विषय सेनाधिकाऱ्यांचा, आपला नव्हे, असे आपल्यापैकी अनेकींना वाटते. मलाही वाटायचे. चाड सरोवराची कहाणी वाचली आणि मत बदलले.

नायजेरिया, नायजर, चाड आणि कॅमेरून या चार देशांच्या सीमेवरचे हे सरोवर १९६०च्या दशकात सुमारे २५,००० चौरस किलोमीटर पसरलेले होते. पुढच्या दोन दशकांतल्या दुष्काळांनी ते जेमतेम एक दशांश उरले. नंतर पाणी काहीसे वाढले, पण पावसाचा भरवसा गेला तो गेलाच. शाळा, दवाखाना, रस्ता यांतले काहीच सरकारांनी नीट पोचवले नाही, अशा या मुलखात बोको हरामने पाय रोवले.

२०१५ साली नायजर सरकारने दिफा भागात आणीबाणी लावली. मोटारसायकलींवर बंदी आली. मासे आणि लाल मिरचीचा व्यापारही थांबवला. का, तर त्यातून बंडखोरांना पैसा मिळतो असा संशय. मासे धुरावर वाळवणे, बाजारात विकणे हे तिथे मोठ्या प्रमाणावर बायकांचे काम. म्हणजे दुष्काळाने जे ठेवले होते ते सुरक्षेने नेले! बाईच्या हातातला पैसा गेला की घरात काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

२००७ साली अमेरिकेतल्या निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाने सांगितले की, हवामानबदल अस्थिर देशांतले धोके कैक पटींनी वाढवतो. खोटे नाही. पण या हिशेबात घरदार सोडून निघालेली बाई धोक्याच्या रकान्यात जाते, संरक्षणाच्या नव्हे. आणि सैन्याचा स्वतःचा धूर? १९९७च्या क्योटो करारात लष्करी इंधनाचा मोठा भाग मोजणीतून वगळला गेला. २०१५च्या पॅरिस करारातही त्याची वेगळी नोंद सक्तीची झाली नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये हवामान आणि सुरक्षा यांवरचा ठराव सुरक्षा परिषदेत रशियाच्या नकाराधिकाराने पडला. भारतानेही विरोधी मत दिले. हा विकासाचा प्रश्न आहे, सुरक्षा परिषदेचा नव्हे, ही भारताची भूमिका. मला ती अर्धीच पटते. प्रश्न बंदुकीच्या हाती देऊ नये, हे खरे. पण म्हणून तो कोणाच्याच हाती न देणे हे उत्तर नव्हे.

२००० सालच्या ठराव क्रमांक १३२५ने शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांची जागा मान्य केली. मैत्रिणींनो, सुरक्षेचे आराखडे आखले जातात तिथेही ती जागा आपण मागितली पाहिजे. बंदी घालण्याआधी मासे विकणारीला विचारा, एवढी साधी ही मागणी आहे.