डोस वाढला, रागही वाढला

औषध सुरू असलेल्या किशोरवयीन मुलाचा राग कमी होण्याऐवजी वाढू लागला की घरात तट पडतात. एक तट म्हणतो, गोळ्यांनीच पोराचं डोकं फिरवलंय, बंद करा. दुसरा म्हणतो, डॉक्टरांना सांगून डोस वाढवून घ्या. बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर पहिल्या तटात बहुधा आजी असते, दुसऱ्यात वडील, आणि गोळीची पट्टी हातात धरून आई दोघांच्या मध्ये उभी असते. तिसरा तट भावकीचा. त्याचे मत ‘चार ठेवून द्या, येतोय ताळ्यावर’ एवढेच. मते तिन्ही ठाम असतात. राग नेमका कोणत्या वेळी येतो हे मात्र तिघांपैकी कोणी लिहून ठेवलेले नसते.

राग वाढण्यामागे मूळ आजार असू शकतो. किशोरवयातले नैराश्य पुष्कळदा उदास चेहरा घेऊन येत नाही. ते चिडचिड, उलट उत्तरे आणि आदळआपट होऊन येते. म्हणजे ‘तापट’ म्हणून ओळखले जाणारे पोर आतून खचलेले असू शकते. निदान अर्धवट झालेले असेल तर गोळी बरोबर असूनही भलत्याच आजाराला दिली जाते. द्विध्रुवी आजाराची सुरुवात असलेल्या मुलाला नुसते नैराश्याचे औषध दिले, तर झोप उडणे, बडबड आणि संताप एकदमच उसळू शकतात.

औषध हे दुसरे कारण, आणि इथे जरा थांबायला हवे. फेफऱ्यावर दिले जाणारे लेव्हेटिरासिटाम 1999 पासून बाजारात आहे. झटके चांगले आवरते, इतर औषधांशी फारसे भांडत नाही, म्हणून डॉक्टरांचे आवडते. पण चिडचिड आणि आक्रमकपणा हे त्याचे नोंदलेले परिणाम आहेत, आणि मोठ्यांपेक्षा मुलांत ते जास्त दिसतात. घरी काय होते? फिट थांबलेली असते. नवस फेडून झालेला असतो. मग पोराने दप्तर भिरकावले, बहिणीवर हात उगारला, की त्याचा त्या गोळीशी संबंध कोणी जोडत नाही. सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षे मिळणाऱ्या, स्वस्त आणि जुन्या फेनोबार्बिटोनचेही असेच आहे.

अतिचंचलतेवरचे मिथाइलफेनिडेट वेगळ्या वाटेने त्रास देते. त्याच्या साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास टिकतो. शाळेत मूल शांत, घरी येताच भडका, असा प्रकार दिसला की बाई म्हणतात, ‘आमच्याकडे तर गुणी आहे.’ आईला अपराधी वाटते. प्रत्यक्षात औषध उतरत असते. नैराश्यावरच्या गोळ्यांनी सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांमध्ये अस्वस्थता वाढते. आत्महत्येचे विचार वाढू शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2004 मध्ये चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला. तसाच इशारा मार्च 2020 मध्ये माँटेलुकास्टलाही लागला. हे तर मनाचे औषधही नव्हे. दमा आणि शिंकांवर घराघरांत दिली जाणारी ही गोळी आहे, आणि ती घेणाऱ्या काही मुलांत वाईट स्वप्ने आणि चिडखोरपणा आढळलेला आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक होते ती रिस्पेरिडोनसारख्या औषधांबाबत. ती आक्रमकपणा आवरण्यासाठीच देतात. मात्र काही मुलांना त्यांनी पायांत विलक्षण तगमग सुरू होते. पोर एका जागी बसत नाही, ताटावरून उठते, ओटीवर येरझाऱ्या घालते, रात्री पाय हलवत राहते, कोणी अडवले तर अंगावर येते. या त्रासाला अकाथिजिया म्हणतात. घरचे त्याला मस्ती म्हणतात. फोनवर ‘राग अजून वाढलाय’ एवढेच कळवले जाते, तिकडून डोस वाढतो, आणि डोसाबरोबर तगमगही.

तिसऱ्या कारणात झोप, मोबाइल, दहावीचे वर्ष, घरातली दारू, शाळेतली चिडवाचिडवी आणि पाचापैकी दोन दिवस विसरलेली गोळी हे सगळे येते. त्यावर व्याख्याने भरपूर होतात. इथे जागा घालवण्यात अर्थ नाही.

मग करायचे काय, या प्रश्नावर बारामतीकरांना बाहेरून शहाणपण आणायची गरज नाही. ते त्यांच्याच उसात उभे आहे. अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता जोडली. शेतात हवामान केंद्र आणि जमिनीत संवेदक बसवले. ओलावा, नत्र, स्फुरद, पालाश, सामू यांची नोंद होऊ लागली. वरून उपग्रहाची चित्रे आली. आणि पाणी कधी द्यायचे, खत किती टाकायचे हा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर पडू लागला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याची जाहीर वाखाणणी केली, तेव्हा दोन्ही तालुक्यांची छाती फुगली. फुगावीच.

या पद्धतीत एक साधी शिस्त आहे. आडसाली ऊस पिवळा पडला की कोणी डोळे मिटून युरियाचे पोते फोडत नाही. पाणी साचले का, लोह कमी आहे का, हुमणी लागली का, हे आधी पाहतात. मात्रा बदलली तर तारीख नोंदतात आणि पुढचे काही दिवस पानाकडे लक्ष ठेवतात. एका वेळी चार गोष्टी बदलत नाहीत, कारण मग कशाने गुण आला ते कळत नाही. सोळा-अठरा महिन्यांच्या पिकासाठी हे सगळे होते. सोळा-अठरा वर्षांच्या पोरासाठी मात्र कागद म्हणजे घडी पडून चिरलेली, हळदीचा डाग लागलेली एकच चिठ्ठी. तीच मेडिकलवाल्याला दाखवून सहा-सहा महिने गोळ्या आणल्या जातात. दरम्यान पोराचे वजन वाढलेले असते, आवाज फुटलेला असतो, मिशी आलेली असते. चिठ्ठी आहे तिथेच.

हा फरक शेतकऱ्याच्या अडाणीपणामुळे पडलेला नाही. उसाचे टन मोजायला कारखाने आहेत, टनाला एफआरपी म्हणजे ठरलेला किमान दर आहे, एफआरपीसाठी आंदोलने आहेत. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांच्या सभांत साखर उताऱ्याच्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यावरून माइक ओढले जातात. किशोरांच्या मनाला उतारा नाही, त्यामुळे सभासदही नाहीत. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने 13 ते 17 वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण 7.3 टक्के सांगितले. ज्या 12 राज्यांत ती पाहणी झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. कांडी कांडी मोजणारे राज्य पोरे मोजायला बसले नाही. तरी दर 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाची भाषणे ठरलेली. त्यांत ‘मन मोकळे करा’ हा उपदेश होतो. कोणापुढे मोकळे करायचे, हा प्रश्न नेहमीप्रमाणे आभारप्रदर्शनात विरघळतो.

नोंद ठेवायला संवेदक लागत नाही. ज्या कालनिर्णयवर मजुरांचे खाडे आणि गाय भरवल्याची तारीख लिहितात, त्याच चौकटीत चार शब्द मावतात: गोळी किती वाजता दिली, झोप किती झाली, भडका किती वाजता उडाला, त्याआधी काय घडले. औषध बदलले किंवा डोस वाढला, त्या तारखेला गोल करावा. तीन-चार आठवड्यांत पुष्कळदा आकृती दिसू लागते. राग रोज संध्याकाळी सहाला येतो की डोस वाढल्यानंतरच्या आठवड्यापासून आला, हे डॉक्टरांना दोन मिनिटांत कळते, आणि दोन मिनिटेच मिळत असतील तर ती तरी कारणी लागतात. दम्याची, सर्दीची, ‘ताकदीची’ अशी इतर सगळी औषधेही पिशवीत घालून न्यावीत.

गोळ्या मात्र घरच्या घरी बंद करू नयेत. फेफऱ्याचे औषध एकदम तोडले तर न थांबणारे झटके येऊ शकतात. क्लोनाझेपाम अचानक थांबवले तरी तोच धोका. देवऋषाकडे दोरा बांधून गोळ्या सोडल्या आणि आठवड्याने पोर रुग्णवाहिकेतून न्यावे लागले, हा क्रम टाळता येण्यासारखा आहे.

भडका उडालेला असताना समजावणे व्यर्थ असते. त्या वेळी एकानेच, हळू आवाजात, कमी शब्दांत बोलावे. बाकीच्यांनी धाकट्या भावंडांना घेऊन बाहेर जावे. दार अडवून उभे राहू नये. शेतकऱ्याच्या घरात कोयता आणि फवारणीची औषधे हाताशी असतात. ती कुलपात हवीत, आणि किल्ली पोराला ठाऊक नसलेल्या जागी. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. झालेल्या प्रकाराबद्दल बोलायचे ते दुसऱ्या दिवशी, आणि पाहुण्यांसमोर नव्हे. वडिलांची थप्पड घरात शांतता आणते खरी. ती पोराची उंची वडिलांच्या खांद्याला लागेपर्यंत टिकते.

थकलेले आईबाप शेवटी ‘येरवड्याला ठेवून घेतील का’ असे विचारतात. 1915 पासूनचे ते मनोरुग्णालय इंदापूरहून जवळपास 140 किलोमीटरवर आहे, आणि पोराला सोडून परत येण्याची ती जागा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे अल्पवयीन मुलाला अपवादानेच दाखल करता येते. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते, मोठ्या रुग्णांपासून वेगळी सोय लागते, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेले माणूस पूर्ण काळ सोबत राहावे लागते. मुलगी असेल तर सोबत बाईच. साखळीने बांधणे कायद्याने बंद आहे, घराच्या पडवीत ते चालू असले तरी.

जवळची वाट आहे. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयाला मनोविकार विभाग असावाच लागतो. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 वर चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलते. ती गोळी बदलून देणार नाही, पण रात्री अकराला हादरलेल्या आईला पुढची पायरी सांगू शकते. उणीव आहे ती ठरलेल्या वाराची. महाविद्यालयाच्या मनोविकारतज्ज्ञांनी इंदापूरला आठवड्यातून एक दुपार फक्त किशोरांसाठी द्यावी आणि चिठ्ठीची फेरतपासणी दर तीन महिन्यांनी सक्तीची करावी, एवढी मागणी करायला साखर संघाची मंजुरी लागत नाही.

एरवी फ्लेक्स नकोसेच वाटतात. तरीही एक फ्लेक्स चालेल: बारामती आणि इंदापूरच्या एसटी स्थानकांवर, कोणाच्याही फोटोशिवाय, मनोविकार विभागाचा वार, वेळ आणि 14416 हा क्रमांक. तो लावायची तयारी असलेल्या मंडळाने जरूर पुढे यावे.