तन्मणीचे सर

आजीच्या पेटीतील तन्मणी बाहेर निघाला की पहिला प्रश्न येतो, सोने किती? सोने केवळ खोडात; खरे मोल बहुधा सरांत असते. इराणच्या आखातातील ‘बसरा’ मोती मुंबईत येत. कारागीर कमानीच्या सामत्याने दोन्ही बाजूंनी छिद्र पाडून ते मध्यभागी जुळवीत. छिद्र जितके बारीक तितकी तूट कमी. कारण भाव ‘चवा’वर ठरे आणि चव वजनाच्या वर्गाने वाढे. (झवेरी पेढ्यांना हे गणित तोंडपाठ!) १९३० च्या सुमारास मंदी आणि जपानी संवर्धित मोती यांनी तो बाजार मोडला. आता रेशीम कुजले म्हणून सर मोडीत देणे, हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. पटवेकऱ्याकडून ते नव्या रेशमात गाठवून घ्यावेत. मोती मात्र मोजून द्यावेत, मोजूनच परत घ्यावेत.