हातात मोबाईल कुणी दिला?

अलीकडे लहान मुलांविषयी कुठेही बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. मूल उशिरा बोलायला लागलं, जेवताना हट्ट करू लागलं, अंगणवाडीत एका जागी बसेना, की पालकसभेत, दवाखान्यात आणि सासरच्या ओसरीवर निवाडा एकच : "आईनंच हातात मोबाईल दिला." वस्तीत बायकांच्या गटांबरोबर काम करताना मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी उलट विचारते, बाप त्या वेळी कुठे होता? पाळणाघर कुठे होतं? आणि ज्या शाळेनं बालवर्गाच्या फीमध्येच टॅबचे पैसे लावले, तिला कुणी जाब विचारला का?

टॅब, मोबाईल आणि संगणक लहान मुलांच्या शिकण्याला तारक की मारक, याची चर्चा डॉक्टर करतात, शिक्षणतज्ज्ञ करतात, कंपन्या तर करतातच. आपल्या चळवळीत मात्र हा विषय 'मुलांचा' म्हणून बाजूला राहतो. माझ्या मते तो आपलाच विषय आहे. सहा वर्षांच्या आतलं मूल शिकतं ते माणसाकडून, आणि आपल्या समाजात ते माणूस जवळजवळ नेहमी बाई असते : आई, आजी, मोठी बहीण, अंगणवाडीताई. त्या बाईला वेळ, पैसा आणि मान द्यायचा नाही म्हणून तिच्या जागी पडदा बसवला जातो, आणि पुढे बिघडलं की दोषही तिच्याच पदरात टाकला जातो.

मूल शिकतं कसं?

२००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसून खेळली, गोष्टी वाचून दाखवल्या. दुसऱ्या बाळांना तीच माणसं आणि तसंच बोलणं पडद्यावर दाखवलं. बारा बैठकांनंतर पहिल्या बाळांना त्या भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले होते. पडद्यासमोर बसलेल्यांना त्यातलं काहीच आलं नव्हतं.

२०१४ साली प्रसिद्ध झालेला दुसरा एक अभ्यास याच्यापुढे जातो. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवायची होती. शिकवणारी व्यक्ती व्हिडिओ कॉलवर होती आणि मुलाच्या बोलण्याला, हातवाऱ्यांना तिथल्या तिथे उत्तर देत होती, तेव्हा मुलं शिकली. आधीच भरून ठेवलेली चित्रफीत लावली तेव्हा शिकली नाहीत. म्हणजे सगळा दोष काचेचा नाही. पलीकडे उत्तर देणारं माणूस आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. ऊसतोडीला गेलेली आई रात्री फोडावरून फोन लावून आजीजवळ राहिलेल्या लेकराशी बोलते, ते लेकराचं शिक्षणच आहे. तिला कुणी 'स्क्रीन' म्हणून नावं ठेवू नयेत.

मूल 'भू' म्हणतं. आजी म्हणते, "आला का गं भूभू? भूक लागली असेल त्याला. पोळी देऊ या का?" एका अक्षरातून तीन वाक्यं झाली, प्राण्याची दया आली, देणं-घेणं आलं. ॲपमध्ये बरोबर चित्रावर बोट पडलं की टाळ्या वाजतात, पण मूल मधेच काय म्हणालं ते ऐकायला तिथे कुणी नसतं.

दुसरीही बाजू सांगायला हवी. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी विचारपूर्वक केलेले कार्यक्रम, 'सेसमी स्ट्रीट'सारखे, अक्षरओळखीला आणि अंकओळखीला मदत करतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. शेजारी मोठं माणूस बसून बोलत असेल तर आणखीच. पण तासन्‌तास एकटं मूल आणि आपोआप पुढे सरकणारे व्हिडिओ ही गोष्ट वेगळी. तो वेळ झोपेतून जातो, धावण्या-पडण्यातून जातो, भांडण्यातून आणि बट्टी करण्यातून जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी तर उत्तमच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही साधारण हाच आहे, आणि नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलला त्यात सूट आहे.

आईनं वेळ आणायचा कुठून?

सल्ला बरोबर आहे, पण तो पाळायचा कुणी? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात कमी, आणि जे लावतात ते ८८ मिनिटं. मुलांना, म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ यात धरलेलाच नाही.

आमच्या भागात दहा बाय दहाच्या खोलीत बाई शर्टांचे धागे कापते, टिकल्या पाकिटावर चिकटवते. नगावर पैसे मिळतात. त्याच खोलीत स्टोव्ह असतो, कात्री असते, दारापुढे उघडं गटार असतं. दीड वर्षाचं पोर सुटं सोडलं तर भाजेल, कापेल, नाहीतर रस्त्यावर जाईल. तिथे मोबाईल पाळण्याचं काम करतो. एका बैठकीत एक बाई म्हणाली, "ताई, मला काय हौस आहे? पोरगं रडलं तर शेठचा माल अर्धा राहतो." या बाईला पडद्याच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देणं म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणं आहे.

पाळणाघराचा कायदा जुना आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका काम करत असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचं बंधन आलं. पण मोलकरीण, बिगारी, कचरावेचक, घरबसल्या नगावर काम करणारी, या कुठल्या आस्थापनेत बसतात? ज्यांना पाळणाघराची सगळ्यात जास्त गरज, त्याच बाहेर राहिल्या.

सुखवस्तू घरांतही चित्र फार निराळं नाही. तिथे आई ऑफिसातून येऊन स्वयंपाकाला लागते, बाबा स्वतःच्या फोनमध्ये असतात आणि मुलाच्या हातात टॅब असतो. मूल काय बघतं याची जबाबदारी मात्र एकट्या आईची.

अंगणवाडीत फोन आला तो कुणासाठी?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे काम केलं, ते आपल्याला नव्यानं आठवायला हवं. गरिबाघरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं, खडे, माती. त्या साधनांना भाव नव्हता, पण मुलांमध्ये बसणारी शिकलेली, मायेची बाई तिथे होती. सारी भिस्त तिच्यावर होती.

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आज त्याच अंगणवाडीत फोन आहे, पण तो प्रामुख्यानं नोंदींसाठी आहे. २०२१ च्या मार्चमध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. त्या वेळी सेविकांची तक्रार होती की ॲप इंग्रजीत, दिलेले फोन कमी क्षमतेचे, सतत बंद पडणारे, आणि दुरुस्तीचा भुर्दंड पुन्हा त्यांच्यावरच. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी हजारोंच्या संख्येनं ते फोन सरकारला परत केले. आपल्या चळवळीत या आंदोलनाची पुरेशी नोंद झाली नाही. पुढे २०२५ मध्ये घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थी बाईचा चेहरा फोनवर ओळखण्याची सक्ती आली. नोंदणीसाठी सांकेतिक क्रमांक येतो आधारशी जोडलेल्या मोबाईलवर, आणि अनेक घरांत तो मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो.

सेविका फोटो, वजन, हजेरी भरत बसली की मुलांना गाणी कुणी म्हणायची? हातात खडू कुणी द्यायचा? २०१८ साली केंद्र सरकारनं मानधनातला आपला भाग वाढवला, तेव्हा तो सेविकेसाठी महिना ४,५०० आणि मदतनिसेसाठी २,२५० रुपये ठरला. राज्याची भर वेगळी. नाव मात्र 'मानधन'च, पगार नव्हे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणं हे कौशल्याचं काम आहे, हे मान्य केलं तर त्याला वेतन द्यावं लागेल. त्यापेक्षा भिंतीला टीव्ही लावून 'स्मार्ट अंगणवाडी'ची पाटी लावणं सोपं पडतं. उद्घाटनाला फीतही कापता येते.

यंत्र वाटून शिक्षण येत नाही

पेरू या देशानं 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' योजनेखाली आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ साली जो अहवाल आला, त्यात गणित आणि भाषा यांच्या चाचण्यांत काहीच फरक आढळला नाही. स्वीडननं तर २०१९ पासून बालशाळांत डिजिटल साधनं वापरणं अनिवार्य केलं होतं. २०२३ साली तिथल्या सरकारनं ही सक्ती मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि पुस्तकांकडे, हातानं लिहिण्याकडे वळायचं ठरवलं. श्रीमंत देश पुस्तकांकडे परत जात असताना आपल्याकडच्या खाजगी शाळा तीन वर्षांच्या मुलाच्या आईला घाबरवतात, 'आत्ता टॅब नाही घेतला तर मागे पडेल.' ती कर्ज काढते, गळ्यातलं गहाण ठेवते.

पण मुलींना संगणक हवाच

यावर कुणी म्हणेल, मग पोरींच्या हातातूनही फोन काढून घ्या. हे व्हायला वेळ लागत नाही. 'मोबाईलनं पोरी बिघडतात' म्हणणारे टपूनच बसलेले असतात. म्हणून नीट सांगू या. आपला आक्षेप आहे तो सहा वर्षांखालच्या मुलांना माणसाऐवजी पडदा देण्याला. मोठ्या मुलींची गोष्ट याच्या अगदी उलट आहे.

१९९९ साली दिल्लीच्या कालकाजी वस्तीत भिंतीत संगणक बसवून मुलांना मोकळा सोडून दिला. 'भिंतीतलं भोक' म्हणून तो प्रयोग जगभर गाजला. पुढे तिथे जाऊन आलेल्या अभ्यासकांनी लिहिलं की संगणकाभोवती बहुतेक मुलगेच होते. मोकळा सोडलेला संगणक दांडगटांच्या हाती जातो, हे आपल्याला सार्वजनिक नळापासून ठाऊक आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरात एकच फोन होता, तेव्हा आमच्या वस्तीत तो आधी भावाला मिळाला आणि बहीण भांडी घासायला बसली. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत चौदा ते अठरा वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण १९.८ टक्के. म्हणजे ज्या वयात नको त्या वयात पडदा फुकट, आणि ज्या वयात हवा त्या वयात पोरीला मनाई!

आपण काय मागायचं?

१. मोठ्या गावांत, शहरांतल्या प्रत्येक वस्तीत आणि नाक्या-बांधकामांवर सरकारी खर्चानं पूर्ण वेळ पाळणाघर. असंघटित बायकांना पहिला हक्क.

२. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना शिक्षिकेचा दर्जा, वेतन आणि बालशिक्षणाचं नियमित प्रशिक्षण. नोंदींचं काम वेगळ्या व्यक्तीकडे.

३. बालवर्गाच्या फीत टॅबची सक्ती करणाऱ्या शाळांवर बंदी.

४. सहावीपासून पुढच्या मुलींसाठी शाळेत आणि वाचनालयात संगणकाची राखीव वेळ, आणि शिकवायला शक्यतो बाई.

५. पालकसभेची वेळ बापांना जमेल अशी, आणि बापाची हजेरी लागलीच पाहिजे.

शेवटची मागणी छोटी वाटेल, पण तिच्यावर सगळ्यात जास्त कुरकुर होईल. आमच्या गटात झालीच. "आमचे हे यायचे नाहीत," असं बायकाच म्हणाल्या. मग त्या जे करू लागल्या ते तुम्हीही करून पाहा. 'आईनंच मोबाईल दिला' असं कुणी म्हटलं, की गप्प न बसता त्याच बैठकीत विचारायचं, आपल्या वस्तीत सहा वर्षांखालची मुलं किती आणि त्यांना सांभाळायला पगारी माणसं किती? हे दोन आकडे काढा, कागदावर लिहा आणि ग्रामपंचायतीत, नगरसेवकाकडे, बालविकास प्रकल्प कार्यालयात घेऊन जा. काय उत्तर मिळालं ते आम्हाला जरूर कळवा.